केटामाइन: भुलीचे औषध, नैराश्याचा उपचार आणि आपले प्रश्न

गेल्या काही वर्षांत मानसिक आरोग्याच्या बातम्यांत एक नाव वारंवार येते आहे, केटामाइन. कधी 'काही तासांत नैराश्य घालवणारे इंजेक्शन' अशी जाहिरात दिसते, तर कधी 'पार्टी ड्रग जप्त' अशी पोलिसांची बातमी. वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्याचे काम करताना आम्हाला दोन्ही टोकांचे प्रश्न ऐकू येतात. कोणी विचारते, भावाला दोन वर्षे गोळ्या चालू आहेत, फरक नाही, हे इंजेक्शन कुठे मिळेल? कोणी विचारते, नशेची वस्तू देऊन डॉक्टर आजारी माणसाला व्यसनी करत नाहीत ना? म्हणून हे औषध आले कुठून, कोणत्या आजारात त्याचा उपयोग दिसला आहे, कुठे दिसलेला नाही आणि भारतातला कायदा काय सांगतो, हे एका ठिकाणी मांडत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. उपचाराचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञाशी बोलूनच घ्यायचा असतो. पण प्रश्न विचारायला डॉक्टर असावे लागत नाही.

तुरुंगात झालेली पहिली चाचणी

केटामाइन १९६२ साली अमेरिकेत तयार झाले. पार्क-डेव्हिस या औषध कंपनीसाठी काम करणारे रसायनशास्त्रज्ञ कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी ते बनवले. त्याआधी फेन्सायक्लिडिन नावाचे भुलीचे औषध वापरून पाहिले गेले होते, पण त्यातून जागे होताना रुग्ण बराच वेळ भ्रमात राहत, आक्रमक होत. तसाच परिणाम देणारे पण लवकर उतरणारे औषध हवे होते. ते म्हणजे केटामाइन.

माणसावर त्याचा पहिला प्रयोग १९६४ मध्ये झाला, आणि तो मिशिगन राज्यातल्या जॅक्सन तुरुंगातल्या कैद्यांवर. एडवर्ड डॉमिनो आणि गुंटर कॉर्सन या डॉक्टरांनी तो केला. कागदोपत्री हे कैदी 'स्वयंसेवक' होते. त्या काळात अमेरिकेतल्या औषध कंपन्या तुरुंगाच्या आवारातच चाचण्यांची केंद्रे चालवत. बंद भिंतींच्या आत, जिथे जेवणापासून सुटकेपर्यंत सगळे दुसऱ्याच्या हातात असते, तिथे दिलेल्या होकाराला किती अर्थ असतो, हा प्रश्न पुढे त्या देशातही उठला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस कैद्यांवरील संशोधनाला कडक बंधने आली. आज ज्या औषधाला मानसोपचारातली क्रांती म्हटले जाते, त्याची पहिली किंमत कोणाच्या शरीराने दिली, हे आपण तरी विसरू नये असे आम्हाला वाटते.

त्या प्रयोगात कैद्यांनी सांगितलेला अनुभव विचित्र होता. डोळे उघडे, श्वास नीट चालू, पण हातपाय आपले नाहीत, आपण शरीराबाहेर तरंगतो आहोत असे काहीसे. या अवस्थेला काय नाव द्यावे याचा डॉमिनो घरी विचार करत होते, तेव्हा त्यांच्या पत्नी टोनी यांनी मन आणि शरीर यांची जोडणी सुटल्याचा अर्थ सांगणारा 'डिसोसिएटिव्ह' हा शब्द सुचवला. तोच आजही वैद्यकशास्त्रात चालतो.

१९७० मध्ये अमेरिकेत भुलीचे औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली आणि व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांवर ते वापरले गेले. कारण सरळ आहे. बहुतेक भुलीच्या औषधांनी श्वास मंदावतो, रक्तदाब घसरतो. केटामाइनने ते सहसा होत नाही. जिथे ऑक्सिजनची सोय अपुरी, वीज बेभरवशाची आणि भूलतज्ज्ञ तालुक्याला एखादाच, तिथे हे औषध जीव वाचवते. भाजलेल्या मुलाची पट्टी बदलायची, मोडलेले हाड बसवायचे, तर ग्रामीण रुग्णालयात आजही त्याचा आधार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे. नशेसाठी गैरवापर होतो म्हणून त्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध घालावेत, असा प्रस्ताव चीनने मांडला होता. तेव्हा आरोग्य संघटनेने विरोध केला: श्रीमंत देशांकडे पर्याय आहेत, गरीब देशांतल्या शस्त्रक्रिया मात्र थांबतील. २०१५ मध्ये तो विषय पुढे ढकलला गेला. 'पार्टी ड्रग' हा शब्द वाचताना ही दुसरी बाजूही डोळ्यांसमोर ठेवावी.

भुलीकडून मनाकडे

मानसिक आजारात केटामाइन वापरण्याची कल्पना अगदी नवी नाही. १९७३ मध्ये इराणमधल्या दोन डॉक्टरांनी मनोरुग्णांवर ते वापरल्याचा अहवाल प्रसिद्ध केला होता. १९८० च्या दशकात लेनिनग्राडमध्ये येवगेनी क्रुपित्स्की दारूच्या व्यसनावर समुपदेशनाबरोबर ते देऊन पाहत होते. पण मुख्य प्रवाहाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

वळण आले ते जरा उलट्या रस्त्याने. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जॉन क्रिस्टल आणि त्यांचे सहकारी स्किझोफ्रेनियाचा अभ्यास करत होते. निरोगी माणसाला थोडे केटामाइन दिले तर त्या आजारासारखी काही लक्षणे थोड्या वेळासाठी दिसतात, हे त्यांनी १९९४ मध्ये मांडले. मग हेच औषध नैराश्याच्या रुग्णांना दिले तर काय होते, हे पाहायचे ठरले. २००० साली त्याचे निष्कर्ष आले. चाचणी पूर्ण करणारे रुग्ण अवघे सात. मात्रा किलोला अर्धा मिलिग्रॅम, शिरेतून, चाळीस मिनिटांत सावकाश. नशेचा परिणाम उतरल्यावरही मन हलके राहिले, आणि हा फरक तीन दिवसांत दिसला. सात जणांवरून कोण काय ठरवणार? बातमी फारशी झाली नाही.

२००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झराटे यांच्या गटाने पुन्हा चाचणी केली. या वेळी रुग्ण असे होते, की ज्यांना अनेक औषधे देऊनही फरक पडला नव्हता. केटामाइन मिळालेल्या १७ जणांपैकी ७१ टक्के रुग्णांत दुसऱ्याच दिवशी लक्षणीय सुधारणा दिसली. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांना दोन ते सहा आठवडे लागतात, हे ज्यांनी घरात अनुभवले आहे त्यांना या आकड्याचे मोल कळेल. त्या आठवड्यांतच अनेक जण गोळ्या सोडतात, आणि जीवाला धोका असलेल्या माणसासाठी तर एकेक रात्र मोठी असते.

मात्र त्याच अहवालातला दुसरा आकडा जाहिरातीत कधी येत नाही. आठवडाभर सुधारणा टिकली ती फक्त ३५ टक्के रुग्णांत. एका इंजेक्शनचा परिणाम काही दिवसांचा असतो. पुढे पुन्हा द्यावे लागते, आणि किती काळ देत राहायचे हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

ते काम कसे करते? आपल्याकडे बहुतेकांनी ऐकलेला शब्द सेरोटोनिन. नेहमीच्या गोळ्या त्याच्यावर काम करतात. केटामाइनचा रस्ता वेगळा आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ग्लुटामेट नावाचे रसायन फार मोठ्या प्रमाणावर वापरतात. तो निरोप घेणारी एक कडी असते, एनएमडीए रिसेप्टर. केटामाइन ती कडी काही वेळ अडवते. त्यातून घटनांची एक साखळी सुरू होते आणि पेशींमधले सुकलेले जोड पुन्हा वाढू लागतात, असे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. माणसात नेमके हेच घडते का, यावर वाद चालू आहे. 'नैराश्य म्हणजे मेंदूतले एक रसायन कमी पडणे' ही शाळकरी व्याख्या मात्र या संशोधनाने बरीच सैल केली, आणि ते चांगलेच झाले.

काय सिद्ध झाले, काय नाही

सर्वांत भक्कम पुरावा आहे तो 'उपचारांना दाद न देणाऱ्या' नैराश्यासाठी. २०२३ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या चाचणीत ४०३ रुग्णांना दोन गटांत विभागले. एका गटाला ईसीटी, म्हणजे ज्याला लोक शॉक म्हणतात ते, आणि दुसऱ्याला आठवड्यातून दोनदा असे तीन आठवडे केटामाइन. केटामाइन घेतलेल्यांत सुमारे ५५ टक्क्यांना फायदा झाला, ईसीटी घेतलेल्यांत ४१ टक्क्यांना. स्मृतीवरचा दुष्परिणाम केटामाइनच्या गटात कमी होता. यावरून 'आता शॉकची गरज संपली' असा निष्कर्ष काढू नये. या चाचणीत भास-भ्रम असलेले रुग्ण घेतले नव्हते, आणि अशा तीव्र नैराश्यात ईसीटी आजही प्रभावी मानली जाते.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या चाचणीत कातडीखाली टोचलेले साधे, जुने केटामाइन वापरले. मात्रा रुग्णागणिक वाढवत नेली, तेव्हा जवळपास २० टक्के रुग्ण पूर्णपणे लक्षणमुक्त झाले. तुलनेसाठी गुंगीचे दुसरे औषध दिलेल्या गटात हे प्रमाण २ टक्के होते. याचा दुसरा अर्थ असाही, की पाचातल्या चौघांना पूर्ण मुक्ती मिळाली नाही.

युद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या आघातोत्तर तणावावर, म्हणजे पीटीएसडीवर, अमेरिकेत १५८ जणांची चाचणी झाली, ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. नैराश्य कमी झाले, पण पीटीएसडीच्या लक्षणांत ठाम फरक दिसला नाही. त्याआधीच्या छोट्या चाचणीत दिसला होता. मंत्रचळाच्या आजारावर, ज्याला ओसीडी म्हणतात, छोटे प्रयोग झालेत, त्यांवर भरवसा ठेवण्याइतका पुरावा नाही. साधी चिंता, परीक्षेचा ताण, प्रेमभंग, झोप न येणे यांसाठी हे औषध नाही. तसे सांगून कोणी विकत असेल तर तो धंदा समजावा.

एक चाचणी आम्हाला फार बोलकी वाटते. केटामाइनच्या बाबतीत अडचण अशी, की खरे औषध कोणाला आणि खोटे कोणाला हे लपत नाही. ज्याला तरंगल्यासारखे वाटते त्याला कळतेच, आणि मग आशेचाही परिणाम होतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी यावर युक्ती काढली. नैराश्य असलेल्या ४० रुग्णांची काही ना काही शस्त्रक्रिया होणारच होती. ते पूर्ण भुलीत असताना निम्म्यांना केटामाइन आणि निम्म्यांना नुसते सलाईन दिले. जागे झाल्यावर कोणाला काय मिळाले ते कोणालाच माहीत नाही. दोन्ही गटांतल्या बऱ्याच जणांचे नैराश्य कमी झाले, आणि दोन गटांत फरक नव्हता. याचा अर्थ औषध निकामी आहे असा सरळ काढता येत नाही, कारण इतर भुलीच्या औषधांचाही परिणाम असू शकतो आणि रुग्ण थोडे होते. पण कोणीतरी आपल्याकडे लक्ष देते आहे, आपल्यावर उपचार होत आहेत, ही जाणीव स्वतःच किती काम करते, हे त्यातून दिसते. वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हे नवीन नाही.

दुष्परिणामांबद्दल थोडक्यात. औषध देताना रक्तदाब वाढतो, मळमळ होते, भीतिदायक अनुभवही येऊ शकतो. आटोक्यात नसलेला रक्तदाब, गर्भारपण किंवा स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर ते सहसा देत नाहीत. दीर्घकाळ आणि जास्त मात्रेत नशा करणाऱ्यांची मूत्राशये खराब होतात. दर काही मिनिटांनी लघवीला जावे लागते, लघवीतून रक्त जाते, कधी मूत्राशय काढावेही लागते. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २००७ च्या सुमारास हे जगासमोर आणले. व्यसनाचा धोकाही खरा आहे. अमेरिकन अभिनेते मॅथ्यू पेरी यांचा ऑक्टोबर २०२३ मध्ये मृत्यू झाला, त्यात केटामाइनचा तीव्र परिणाम हे मुख्य कारण नोंदले गेले. ते नैराश्यावर दवाखान्यात केटामाइन घेत होते, पण जीव गेला तो बाहेरून बेकायदा मिळवलेल्या औषधाने. त्या प्रकरणात डॉक्टरांवरही खटले झाले.

जुने औषध, नवी किंमत

केटामाइनचे पेटंट कधीच संपले आहे. कोणतीही कंपनी ते बनवू शकते, म्हणून ते स्वस्त आहे आणि म्हणूनच मोठ्या चाचण्यांवर पैसा घालायला कंपन्या उत्सुक नव्हत्या. मग एक वाट निघाली. केटामाइनचा रेणू दोन रूपांत असतो, आरशातल्या प्रतिमेसारखा, उजवा आणि डावा. त्यातले एकच रूप वेगळे काढले, त्याला एस्केटामाइन म्हणतात. त्याचा नाकात मारायचा स्प्रे जॉन्सन अँड जॉन्सनच्या जॅन्सन कंपनीने 'स्प्राव्हाटो' या नावाने आणला. ५ मार्च २०१९ रोजी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. बाजारात आला तेव्हा एका वेळच्या मात्रेची किंमत ५९० ते ८८५ डॉलर. पहिल्या महिन्यात आठवड्याला दोनदा घ्यायचा, म्हणजे महिन्याचा औषधखर्चच साधारण पाच-सहा हजार डॉलरच्या घरात. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेसाठी औषधांची शिफारस करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये हा स्प्रे घेण्याची शिफारस नाकारली. पुरावा आणि खर्च यांचा मेळ बसत नाही, असे तिचे म्हणणे.

साध्या केटामाइनपेक्षा हा स्प्रे सरस आहे असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. मग पैसा कशासाठी? मान्यतेच्या कागदासाठी, असे आमचे मत. साधे केटामाइन नैराश्यावर देताना डॉक्टर 'मान्यतेबाहेरचा वापर' करत असतात, कारण त्याची अधिकृत मान्यता भुलीसाठी आहे. असा वापर बेकायदा नाही, पण रुग्णाला तसे सांगितले पाहिजे.

औषध आणि सत्ता

केटामाइनवरच्या लेखांत एक नाव सहसा येत नाही, ते इथे मुद्दाम घेतो. एलायजा मॅक्क्लेन, वय २३, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या ऑरोरा शहरातला कृष्णवर्णीय तरुण. ऑगस्ट २०१९ मध्ये दुकानातून घरी चालत जात असताना 'संशयास्पद माणूस' म्हणून कोणी फोन केला. पोलिसांनी अडवले, मान आवळून जमिनीवर दाबून धरले. नंतर आलेल्या आपत्कालीन सेवकांनी त्याला 'एक्साइटेड डिलिरियम' झाल्याचे ठरवून ५०० मिलिग्रॅम केटामाइन टोचले. त्याचे वजन सुमारे ६५ किलो होते, त्यांनी ते बरेच जास्त धरले. हे स्नायूत दिलेले इंजेक्शन होते, त्यामुळे शिरेतल्या मात्रेशी थेट तुलना होत नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगतो: त्याच वजनाच्या माणसाला नैराश्यासाठी चाळीस मिनिटांत ३२-३३ मिलिग्रॅम देतात. रस्त्यातच हृदय थांबले, काही दिवसांनी तो गेला. सुधारित शवविच्छेदन अहवालात बळाने दाबून धरल्यानंतर दिलेले केटामाइन हे मृत्यूचे कारण म्हटले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये दोन आपत्कालीन सेवक निष्काळजीपणाने मृत्यूस कारण ठरल्याबद्दल दोषी ठरले.

'एक्साइटेड डिलिरियम' हा आजार म्हणून मानसोपचाराच्या प्रमाण ग्रंथांत कधीच नव्हता. पोलिसांच्या ताब्यात मेलेल्या, बऱ्याचदा कृष्णवर्णीय माणसांच्या मृत्यूचे कारण म्हणून तो शब्द वापरला जाई. त्याला आधार देणारा २००९ चा आपला अहवाल अमेरिकेतल्या आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनेने २०२३ मध्ये मागे घेतला. ज्याला समाज आधीच धोकादायक ठरवतो, त्याच्या भीतीला आणि तडफडीला आजाराचे नाव देता येते आणि मग सुई टोचता येते. औषध तेच. एकाला त्याच्या होकाराने जगण्याकडे आणणारे, दुसऱ्याला न विचारता संपवणारे. फरक रसायनाचा नाही.

भारतात

भारत केटामाइनचा मोठा उत्पादक देश आहे. चोरट्या व्यापारामुळे २०११ मध्ये ते एनडीपीएस कायद्याखाली आणले गेले आणि पुढे २०१३ मध्ये औषध नियमांच्या 'शेड्यूल एक्स'मध्ये गेले. याचा अर्थ चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. पार्टीत 'एकदाच बघू' म्हणून हातात घेतलेली पुडी हा कायद्याच्या दृष्टीने गुन्हा आहे, आणि असल्या प्रकरणात जामिनासाठी वकील कोणाला परवडतो आणि कोणाला नाही, हे तरुण मित्रांनी लक्षात ठेवावे.

नैराश्यावर शिरेतून केटामाइन देण्याची सोय मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत आणि खासगी दवाखान्यांत आहे. ते घेण्याआधी विचारायचे प्रश्न अवघड नाहीत. मानसोपचारतज्ज्ञाने स्वतः तपासले का? देताना रक्तदाब आणि ऑक्सिजनवर कोण लक्ष ठेवणार, भूलतज्ज्ञ किंवा तशी तयारी असलेला डॉक्टर आहे का? किती वेळा द्यायचे, एकूण खर्च किती, आणि फरक पडला नाही तर कधी थांबायचे? चालू गोळ्यांचे काय करायचे? (स्वतःच्या मनाने त्या बंद करू नयेत, हे आवर्जून.) निदान दोन तास देखरेखीत थांबावे लागते, त्या दिवशी गाडी चालवता येत नाही, सोबत माणूस लागतो. घरी बसून घ्या, कुरिअरने पाठवतो, असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबावे.

आता आमच्या कामातला कळीचा मुद्दा. उपचारांना दाद न देणारे नैराश्य कशाला म्हणायचे? वेगवेगळी निदान दोन औषधे, पुरेशा मात्रेत, सहा ते आठ आठवडे घेऊनही फरक पडला नाही तर. आमच्याकडे 'गोळ्या लागू पडत नाहीत' म्हणून येणाऱ्यांची आम्ही नीट चौकशी करतो, तेव्हा बऱ्याचदा वेगळेच निघते. सरकारी दवाखान्यात पंधरा दिवस गोळ्या मिळाल्या, नंतर साठा संपला. दर खेपेला डॉक्टर बदलला. ओपीडीच्या दिवशी कामावर खाडा, म्हणून जाणे सुटले. गोळ्यांनी झोप येते म्हणून मुकादम ओरडला, मग अर्धीच घेतली. यात आजाराने उपचारांना दाद दिली नाही असे कसे म्हणायचे? उपचारच पोचलेला नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. त्यांच्यासाठी पहिली गरज नियमित गोळ्या, ऐकून घेणारा माणूस आणि पुढची तारीख ही आहे. तीन आठवड्यांत सहा खेपा, प्रत्येक खेपेला रुग्ण आणि सोबतीचा असे दोघे, म्हणजे बारा रोज बुडाले. औषध फुकट मिळाले तरी हा हिशेब राहतोच.

म्हणून 'हे सगळे व्यवस्थेचे दुखणे, औषधाने काय होणार' असे म्हणायचे का? आपल्या चळवळीतल्या काही मित्रांचा सूर असा असतो. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत २६ टक्क्यांहून अधिक रोजंदारीवर जगणारी माणसे होती आणि राज्यांत महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. या आकड्यांमागे कर्ज, बेकारी, अपमान आहेच, आणि त्यावर इंजेक्शन नाही. पण वसतिगृहातल्या खोलीत दिवसचे दिवस अंथरुणातून न उठणाऱ्या पोराला सामाजिक विश्लेषण ऐकवून भागत नाही. त्याला त्याच आठवड्यात डॉक्टर लागतो. अपमानाविरुद्धची लढाई आणि त्याची गोळी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू राहू शकतात.

पाचव्या शीलाचा प्रश्नही विचारला जातो, तो टाळत नाही. मद्यासारख्या, प्रमाद घडवणाऱ्या पदार्थांपासून दूर राहण्याचे ते शील. विनयपिटकातल्या महावग्गात औषधांवर स्वतंत्र प्रकरण आहे. आजारी भिक्खूसाठी औषधी तेलात थोडे मद्य मिसळायला तिथे परवानगी दिली आहे, अट एवढीच की मद्याचा रंग, वास, चव जाणवू नये. जास्त मिसळून पिणाऱ्यांना मनाई केली आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या चर्चेत औषध आणि नशा यांतला फरक मात्रेवर आणि हेतूवर ठरलेला दिसतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये आला आणि मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या १८ व्या कलमात जात, धर्म, लिंग, वर्ग असा कोणताही भेद न करता उपचार मिळण्याचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड असो वा नसो, आणि बेघर व निराधारांना सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत उपचार मोफत मिळाले पाहिजेत. जिल्ह्यात किमान सेवा नसेल तर जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने द्यायचा आहे. विम्यात मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायचा आहे. आपल्या उपचारांची कागदपत्रे मागण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि स्वतःच्या निर्णयात मदतीसाठी आपला प्रतिनिधी आधीच नेमून ठेवता येतो. संशोधनात सामील करून घ्यायचे तर स्पष्ट, समजून दिलेली संमती लागते. जॅक्सनच्या कैद्यांकडे यातले काही नव्हते. आपल्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाचे पद भरलेले आहे का आणि गेल्या सहा महिन्यांत नैराश्याच्या गोळ्या किती दिवस शिल्लक नव्हत्या, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्जाला शुल्क दहा रुपये.

स्वतःबद्दल किंवा जवळच्या कोणाबद्दल जीव नकोसा झाल्याची भीती वाटत असेल, तर टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. तोवर त्या माणसाला एकटे सोडू नका, आणि नजीकच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात थेट घेऊन जा.